बशीच्या पाठीवरचे नाव : वेजवुडची जुनी मातीची भांडी कशी ओळखावीत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागात शिरले, तेव्हा मामीच्या घरातले भिंतीतले कपाट काही दिवस पाण्याखाली राहिले. पूर ओसरल्यावर त्यातली चिनी मातीची भांडी अंगणात मांडून आम्ही धुवायला बसलो. पातळ, पांढरे कप एका पाण्यात स्वच्छ निघाले. मात्र किंचित निळसर झाक असलेल्या सहा जाड बशांवर चहा सांडावा तसे तपकिरी डाग उमटले होते आणि ते साबणाने, राखेने, चिंचेने, कशानेही जाईनात. गाळ नीट निघाला नाही अशी मामीची समजूत झाली. वास्तविक गाळ वर राहिलेलाच नव्हता, तो बशीच्या आत गेला होता. त्या बशा उलट्या केल्यावर पाठीवर दाबून उमटवलेली इंग्रजी अक्षरे दिसली आणि जुनी इंग्रजी भांडी ओळखण्याचा नाद मला तिथून लागला.

सांगली-साताऱ्याकडच्या जुन्या घरांत, महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांतून निघालेल्या सामानात आणि जुन्या बाजारात अशी भांडी अजूनही सापडतात. त्यांपैकी ‘वेजवुड’ हे इंग्लंडमधल्या एका कारखान्याचे नाव सर्वांत जास्त ऐकलेले, आणि म्हणून सर्वांत जास्त फसवणारेही आहे. ते कसे तपासावे, हे पुढे क्रमाने सांगतो.

आधी खापर पाहा, नाव नंतर

आपण सरसकट ज्याला चिनी माती म्हणतो, त्यात निदान दोन निराळे पदार्थ येतात. एक बोन चायना. त्यात सुमारे निम्मा भाग जनावरांच्या हाडांची राख असते. भाजल्यावर खापर, म्हणजे झिलईखालचे भांड्याचे अंग, काचेसारखे घट्ट होते, पाणी पीत नाही, आणि दिव्यासमोर धरल्यास पलीकडच्या बोटांची सावली दिसते. दुसरे अर्दनवेअर, म्हणजे भाजल्यावर पांढरी होणारी माती आणि भाजून दळलेल्या चकमकीच्या दगडाची पूड यांचे भांडे. भट्टीतून निघाल्यावरही त्याचे खापर सच्छिद्र राहते आणि पाणी अडवण्याचे काम वरची झिलई, म्हणजे काचेसारखा पातळ थर, करते. झिलईला केसासारख्या भेगा गेल्या, किंवा कडेचा टवका उडाला, की पाणी आत शिरते. मामीच्या बशांत कृष्णा शिरली ती याच वाटेने. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात चिनी माती चालत नसे. पितळेचे भांडे घासून शुद्ध होते, मातीच्या खापरात गेलेले काही परत निघत नाही, हे आपल्या आज्यांना कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते, आणि इंग्रजी भांड्यांच्या बाबतीतही त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

तपासणीची सुरुवात म्हणून भांडे कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून, खिडकीपाशी न्यावे. बोटाच्या पेराने कडेवर हलकी टिचकी मारल्यास बोन चायनाचा नाद लांबतो, अर्दनवेअरचा लवकर बसतो. नाद अजिबातच निघाला नाही, नुसते खट्ट वाजले, तर तडा गेलेला आहे असे समजून तो शोधावा. मग मोबाईलचा दिवा मागे धरून उजेड आरपार येतो का पाहावे. एखादा टवका उडालेला असेल तर तिथे पाण्याचा थेंब टेकवावा. थेंब पाहता पाहता शोषला गेला तर खापर अर्दनवेअरचे आहे. शेवटी भांडे उलटे करून बुडाच्या कड्याच्या आतल्या कोपऱ्यात झिलई साचून जाड झालेली असते, तिचा रंग नीट पाहावा. तिथे पिवळसर किंवा किंचित हिरवट छटा असेल तर ते मलईरंगी भांडे, इंग्रजीत क्रीमवेअर. निळसर छटा असेल तर पर्लवेअर. हा कोपरा शिक्क्याइतकाच बोलका असतो, आणि त्याची नक्कल करणे शिक्क्याइतके सोपे नसते.

वेजवुड कोण होते

जोसाया वेजवुड यांचा जन्म १७३० साली इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातल्या बर्सलेम गावी, कुंभारकाम करणाऱ्या घराण्यात झाला. लहानपणी देवीच्या आजाराने त्यांचा उजवा पाय अधू झाला आणि कुंभाराचे चाक पायाने फिरवणे त्यांना कठीण होऊन बसले. १७६८ मध्ये तो पाय कापावाच लागला. त्यामुळे त्यांचे लक्ष चाकापेक्षा माती, झिलई आणि भट्टीकडे अधिक गेले असावे, असे मला वाटते. टॉमस व्हील्डन या नामांकित कुंभाराबरोबर भागीदारीत काम केल्यावर १७५९ साली त्यांनी बर्सलेममध्ये स्वतःचा कारखाना सुरू केला. प्रत्येक प्रयोगाला क्रमांक देऊन ते वहीत टिपून ठेवीत. पुढे १७८२ मध्ये भट्टीतली उष्णता मोजण्याचे साधनही त्यांनी तयार केले आणि त्यापायी रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचे सभासदत्व मिळवले.

त्यांचे नाव झाले ते मलईरंगी भांड्यांमुळे. हा प्रकार त्यांनी शोधून काढलेला नव्हे, स्टॅफर्डशायरमध्ये तो आधीपासून होता. त्यांनी त्याचा रंग उजळ आणि एकसारखा केला, आणि झिलई गुळगुळीत केली. १७६५ साली इंग्लंडच्या राणी शार्लटने चहाचा संच मागवला आणि त्यानंतर या मालाला ‘क्वीन्स वेअर’ हे नाव मिळाले. १७७३-७४ मध्ये रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनसाठी याच मातीचा ९५२ नगांचा संच तयार झाला. त्यातल्या भांड्यांवर इंग्लंडमधली दृश्ये होती आणि ज्या राजवाड्यासाठी तो मागवला होता त्याच्या नावावरून एक हिरवा बेडूकही रंगवलेला होता. राजघराण्यापासून सामान्य गिऱ्हाइकापर्यंत सर्वांना एकाच मातीची भांडी विकणे ही त्या माणसाची खरी करामत होती. ओळखण्याच्या दृष्टीने इतके लक्षात ठेवावे की सुरुवातीच्या भांड्यांचा रंग गडद, जवळजवळ गवती पिवळा असतो आणि कॉर्नवॉलची पांढरी माती वापरात आल्यावर तो फिका होत गेला. १७७९ च्या सुमारास त्यांनी पर्लवेअर आणले, ज्याच्या झिलईत किंचित कोबाल्ट घालून पिवळेपणा मारलेला असतो. आपल्याकडे कपड्यांना नीळ देतात, तीच युक्ती.

१७६९ साली त्यांनी कालव्याच्या नियोजित मार्गालगत इट्रुरिया नावाचा नवा कारखाना सुरू केला. टॉमस बेंटली त्यांचे भागीदार होते, पण ही भागीदारी केवळ शोभेच्या वस्तूंपुरती होती, हे विसरू नये. ‘वेजवुड आणि बेंटली’ असा ठसा १७६९ ते १७८० या काळातल्या फुलदाण्या, पदके, ‘बसाल्ट’ नावाच्या काळ्या मातीच्या वस्तू अशा मालावर येतो. जेवणाच्या साध्या बशीवर हा ठसा दिसला तर आनंद मानण्याऐवजी संशय घ्यावा. निळ्या जमिनीवर पांढरी उठावाची चित्रे असलेला जो जॅस्पर प्रकार बहुतेकांना वेजवुड म्हणून माहीत असतो, तो १७७० च्या दशकातला. तो दगडासारखा घट्ट भाजलेला मातीचा प्रकार आहे, अर्दनवेअर नव्हे, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

जोसाया १७९५ च्या जानेवारीत वारले. त्यानंतर दोन महिन्यांनी परशुरामभाऊ पटवर्धन खर्ड्याच्या रणांगणावर होते, एवढे सांगितले की सांगलीकरांना काळाचा अंदाज येईल. कारखाना त्यांच्या वंशजांनी चालवला. १९४० मध्ये उत्पादन इट्रुरियाहून जवळच्याच बार्लस्टनला हलू लागले. २००९ साली कंपनी आर्थिक संकटात सापडून विकली गेली, आणि २०१५ पासून ती फिनलंडच्या फिस्कार्स समूहाकडे आहे.

ठसा, छाप आणि हाताचा आकडा

बशीच्या पाठीवर तीन प्रकारच्या खुणा असू शकतात आणि त्यांची गल्लत करू नये. माती ओली असताना दाबून उमटवलेला तो ठसा. तो खोलगट असतो, त्यात झिलई साचते आणि नखाला जाणवतो. रंगाने छापलेली ती छाप. तिच्यात बहुधा नक्षीचे नाव, चित्र किंवा देशाचे नाव असते. तिसरा, कुंचल्याने लिहिलेला आकडा किंवा अक्षर, जो नक्षीचा क्रमांक किंवा रंगाऱ्याची खूण असतो. जुन्या वेजवुड अर्दनवेअरवर मुख्य खूण म्हणजे ठसाच. तो झिलईखाली बुजलेला असेल तर दिवा समोरून न धरता बशीच्या पातळीत, आडवा धरावा, म्हणजे अक्षरांच्या कडा सावल्या टाकतात. तरीही वाचता येत नसेल तर पतंगाचा पातळ कागद त्यावर ताणून मऊ पेन्सिल आडवी फिरवावी. कागदावर अक्षरे उठतात आणि हाच कागद पुढे नोंद म्हणून जपून ठेवता येतो.

आता नावाचे हिज्जे एकेक अक्षर करून वाचावेत, कारण सगळी मेख इथे आहे. खऱ्या नावात डब्ल्यू, ई, डी, जी आणि लगेच पुन्हा डब्ल्यू येतो. जीनंतर ई नसतो. जीनंतर ई घातलेले नाव इंग्लंडमधल्या स्टॉक्टन-ऑन-टीजच्या विल्यम स्मिथ यांच्या कारखान्याने आपल्या मालावर उमटवले होते, आणि वेजवुडांनी १८४८ साली न्यायालयाकडून त्याला मनाई आणली. नावाआधी ‘जे’ असेल तर तो जोसायांचा जे आहे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्यांच्या कारखान्याने हे आद्याक्षर ठशात वापरले नाही. ती खूण जॉन वेज वुड नावाच्या, १८४१ ते १८६० च्या दरम्यान काम करणाऱ्या दुसऱ्याच गृहस्थांची, ज्यांच्या आईवडिलांनी नाव ठेवतानाच पुढच्या पिढ्यांची सोय करून ठेवली होती. त्यांच्या छापेत कधीकधी दोन शब्दांमध्ये बारीक जागा किंवा टिंब दिसते.

तिसरे नाव ‘वेजवुड अँड कंपनी’, आणि त्यात मी स्वतः फसलो. पुरानंतर दोन वर्षांनी एका जुन्या सामानाच्या दुकानात मला निळ्या नक्षीच्या चार बशा दिसल्या. पाठीवर स्वच्छ ‘वेजवुड’ वाचले आणि घासाघीस न करता दोन हजार रुपये मोजले. घरी आल्यावर भिंगाखाली नावापुढचे ‘अँड को’ आणि वरचे एकशिंगी घोड्याचे तोंड दिसले. दुकानदार खोटे बोलला नव्हता, मीच अर्धे वाचले होते. ही कंपनी टन्स्टॉल गावात इनॉक वेजवुड यांनी १८६० मध्ये या नावाने सुरू केली. माल चांगला, टिकाऊ आणि रोजच्या वापराचा, पण जोसायांच्या कारखान्याशी तिचा त्या काळी संबंध नव्हता. १९८० मध्ये मोठ्या वेजवुडने ती विकत घेतली, ती फार पुढची गोष्ट. जोसायांच्या कारखान्याच्या ठशात ‘अँड को’ येत नाही, एवढे पाठ करून ठेवावे. त्याच बशांत आता आमच्याकडे पोहे खातात.

सगळ्यात जुन्या, म्हणजे १७६० च्या दशकातल्या, भांड्यांवर पुष्कळदा ठसाच नसतो, किंवा एकेक अक्षर हाताने दाबल्यामुळे ओळ वेडीवाकडी असते. १७७० च्या आसपासपासून नाव नियमाने येऊ लागते. १८४० ते १८६८ च्या सुमारास पर्लवेअरवर नावाबरोबर ‘पर्ल’ हा शब्द दाबलेला असतो. १८९१ पासून ‘इंग्लंड’ येते, कारण अमेरिकेच्या नव्या आयात कायद्याने मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले होते. ‘मेड इन इंग्लंड’ साधारण १९०८ नंतरचे. १९२९ पासून नावाची अक्षरे बिनशेपटीची, सरळ वळणाची झाली. बार्लस्टनचा उल्लेख असेल तर वस्तू १९४० नंतरचीच. देशाचे नाव नाही म्हणून वस्तू १८९१ पूर्वीची, असा उलटा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण प्रत्येक नगावर ते उमटलेच असे नाही. अलीकडचा बराच माल इंडोनेशियात तयार होतो आणि त्यावर इंग्लंड लिहिलेले नसते.

तीन अक्षरांचे कोडे

१८६० पासून या कारखान्याने अर्दनवेअरवर नावाशेजारी तीन बारीक अक्षरे दाबायला सुरुवात केली, आणि इतर फार थोड्या कारखान्यांच्या मालात मिळते इतकी नेमकी तारीख त्यामुळे हाती लागते. पहिले अक्षर महिन्याचे, मधले कारागिराचे, तिसरे वर्षाचे. महिन्यांची अक्षरे बहुतेक इंग्रजी नावांच्या आरंभाचीच आहेत. जिथे दोन नावे एकाच अक्षराने सुरू होतात तिथे फरक केला आहे. पहिली काही वर्षे सोडली तर मार्चला आर, मेला एम, जूनला टी, जुलैला एल आणि ऑगस्टला डब्ल्यू असा तो हिशेब आहे.

वर्षाची मोजणी ओ या अक्षरापासून सुरू होते : ओ म्हणजे १८६०, पी म्हणजे १८६१, असे करत झेड १८७१ ला येतो. मग ए १८७२ पासून झेड १८९७ पर्यंत एक पूर्ण फेरी, आणि पुन्हा ए १८९८ पासून आय १९०६ पर्यंत. १९०७ पासून महिन्याच्या अक्षराच्या जागी ३ हा आकडा येतो आणि वर्षाची अक्षरे जे पासून पुढे १९२३ च्या झेडपर्यंत चालतात; १९२४ ते १९२९ या काळात ३ ऐवजी ४ असतो आणि अक्षरे ए ते एफ. १९३० पासून सारेच सोपे झाले : महिन्याचा आकडा, कारागिराचे अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे. ‘५ बी ३६’ म्हणजे मे १९३६.

यातली अडचण उघड आहे. वर्णमाला २६ अक्षरांची असल्यामुळे बहुतेक अक्षरे २६ वर्षांच्या अंतराने दोनदा येतात आणि निवड करायला दुसरा पुरावा लागतो. मामीच्या बशीचेच उदाहरण घेऊ. पाठीवर नाव, खाली ‘पर्ल’ आणि बाजूला ओ, एच, टी ही तीन अक्षरे. पहिला ओ म्हणजे ऑक्टोबर, मधला एच कारागीर. टी हे वर्ष १८६५ किंवा १८९१. ऑक्टोबर १८९१ असते तर ‘इंग्लंड’ असण्याची शक्यता मोठी होती, ते नाही. आणि ‘पर्ल’ हा शब्द १८६८ नंतर दाबला जात नव्हता. कोपऱ्यातली झिलई निळसर आहे, तीही याला दुजोरा देते. तेव्हा ऑक्टोबर १८६५. सहाही बशा एकाच वर्षाच्या निघाल्या, पण मधले अक्षर दोघींवर निराळे होते, म्हणजे त्या निराळ्या हातांनी घडवल्या होत्या. मामी म्हणाली, “अरे, माझ्या आजेसासूबाईंनी यात कधी भात वाढला नाही, नुसती सुपारी-लवंग ठेवायच्या.”

काही बशांवर याशिवाय चौकटीच्या पानासारखी एक खूण आढळते, जिच्या माथ्यावर वर्तुळात रोमन चार असतो. ती १८४२ ते १८८३ या काळात ब्रिटिश सरकारकडे नक्षी किंवा आकार नोंदवल्याची खूण आहे. तिच्यातली अक्षरे नोंदणीचा दिवस सांगतात, बशी घडवल्याचा नव्हे. नोंदलेली नक्षी पुढे अनेक वर्षे निघत राहू शकते. १८८४ पासून तिची जागा साध्या नोंदणी क्रमांकाने घेतली. तसेच पाठीवर एखाद्या दुकानाचे नाव छापलेले असेल तर तो विक्रेता समजावा. ज्याने घडवले त्याचे नाव ठशात शोधावे.

ओळख पटल्यावर

डाग काढण्याच्या भरात चिंच, लिंबू किंवा बाजारातले ब्लीच अजिबात वापरू नये. आम्ही चिंच वापरली ती चूक होती. आंबट पदार्थ जुनी झिलई खातात, आणि ब्लीचमधले क्षार सच्छिद्र खापरात राहून पुढे झिलईचे पापुद्रे उडवतात. साध्या स्वच्छ पाण्यात बुडवून, रोज पाणी बदलून आठवडाभर ठेवावे आणि सावलीत सावकाश वाळवावे. डाग पूर्ण जात नाहीत, फिके होतात. उकळत्या पाण्यात घालू नये.

दुसरी गोष्ट आरोग्याची. जुन्या मलईरंगी आणि पर्ल भांड्यांच्या झिलईत शिसे असते. त्यांत आमसुलाचे सार, लोणचे, ताक, लिंबू पिळलेले काहीही वाढू नये, आणि भेगाळलेल्या भांड्यात तर अन्नच ठेवू नये.

विकत घेताना माझा क्रम आता ठरलेला आहे : आधी टिचकी, मग कोपऱ्यातला रंग, मग नाव शेवटच्या अक्षरापर्यंत, मग तीन अक्षरे, आणि किंमत सगळ्यांत शेवटी. प्रत्येक वस्तूची पेन्सिलीने उठवलेली पाठ, व्यास आणि ती कुठून आली हे एका वहीत लिहून ठेवतो. त्या सहा बशा मामीने वरच्या मजल्यावरच्या कपाटात हलवल्या आहेत, प्रत्येक दोन बशांमध्ये जुन्या सुती पातळाचा तुकडा घालून, म्हणजे एकीच्या बुडाचे खरखरीत कडे दुसरीच्या झिलईवर ओरखडे काढणार नाही.